संघ नाणेफेकीआधी लिहून ठेवा : क्रिकेटवर वाचकांचे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेविरुद्धची नोव्हेंबर २०२५ मधली गुवाहाटीची कसोटी संपल्यापासून आलेल्या पत्रांत राग आहे, हळहळ आहे, आणि बहुतेकांनी आपापला अकरा जणांचा संघही सोबत जोडला आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आणि ज्यांत नेमकं काही विचारलंय ती निवडली. नव्या वाचकांसाठी सांगतो, जिल्ह्याच्या सामन्यांत मी वर्षानुवर्षं स्कोअरर म्हणून बसलो आहे. कसोटी बघतानाही वही समोर असते, आणि खालची बरीचशी उत्तरं त्या वहीतूनच आली आहेत.

प्रश्न : कोलकात्यात १२४ धावा हव्या होत्या, आपण ९३ धावांत संपलो. गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. इतक्या धावांनी भारत कधीच हरला नव्हता. निवड समिती बरखास्त करावी असं तुम्हाला वाटत नाही का?
(निवृत्त बँक कर्मचारी, सातारा)

उत्तर : नाही वाटत. पण तुमचा राग मला कळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कोणता निर्णय कुणाचा, ते वेगळं करू. पंधरा-सोळा जणांची निवड अजित आगरकर यांची समिती करते. सामन्याच्या सकाळी अकरा जण ठरतात ते मुख्यतः कर्णधार आणि प्रशिक्षक यांच्या विचाराने. आणि खेळपट्टी कशी हवी हे घरच्या मालिकेत संघ व्यवस्थापन सांगतं, क्युरेटर ती तयार करतो. कोलकात्यातली खेळपट्टी आम्हाला हवी होती तशीच मिळाली, असं प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सामन्यानंतर उघडपणे सांगितलं. म्हणजे तुम्ही ज्याला निवडीची चूक म्हणता त्यातली निम्मी खेळपट्टीची आहे.

कोलकात्यात जडेजा, अक्षर, वॉशिंग्टन सुंदर आणि कुलदीप असे चार फिरकीपटू खेळले. पहिल्या दिवशी दक्षिण आफ्रिका १५९ धावांत आटोपली ती कुणामुळे? बुमराहमुळे. २७ धावांत ५ बळी. वॉशिंग्टनच्या हातात अख्ख्या सामन्यात चेंडू जेमतेम आला. मग तो होता कशासाठी? तिसऱ्या क्रमांकावर फलंदाजी करायला. त्याने ती मन लावून केली. दुसऱ्या डावात आपल्याकडून सर्वाधिक धावा त्याच्याच, ३१. पण मग त्याला चौथा फिरकीपटू का म्हणायचं? आणि पुढच्याच सामन्यात, गुवाहाटीत, तोच मुलगा आठव्या क्रमांकावर. तिथेही ४८ केल्या, कुलदीपबरोबर तग धरून उभा राहिला.

माझी तक्रार इथे आहे. माणूस चुकीचा निवडला, असं मी म्हणत नाही. त्याचं काम काय हे आठवड्याला बदलतं, हे मला खुपतं. जून ते नोव्हेंबर २०२५ या काळात तिसऱ्या क्रमांकावर साई सुदर्शन, करुण नायर, पुन्हा सुदर्शन, मग वॉशिंग्टन, पुन्हा सुदर्शन असा प्रवास झाला. सुदर्शनला लीड्सच्या पदार्पणानंतर लगेच वगळलं. मँचेस्टरला परत आणलं, त्याने ६१ केल्या. दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध ८७ केल्या, आणि त्यानंतरच्याच कसोटीत, म्हणजे कोलकात्यात, तो बाहेर. तिसऱ्या क्रमांकावर वर्षानुवर्षं द्रविड आणि नंतर पुजारा खेळले. तेही अपयशी डाव खेळले, पण पुढच्या सामन्यात आपण कुठे उतरणार हे बहुतेक वेळा त्यांना माहीत असायचं. नव्या चेंडूचा मारा सोसायला निघालेल्या माणसाला एवढी खात्री तरी हवीच.

आता खेळपट्टी. पहिल्या तासापासून चेंडू हातभर वळायला लागला की आपले फिरकीपटू अधिक धोकादायक होतात, असा आपला समज. माझ्या वहीत उलटं दिसतं. पुणे, २०१७ : ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, आपण १०५ आणि १०७. पुणे, २०२४ : न्यूझीलंडचा मिचेल सँटनर, ज्याने तोवर कसोटीच्या एका डावात पाच बळीही कधी घेतले नव्हते, त्याने सामन्यात १३ घेतले. कोलकाता, २०२५ : दक्षिण आफ्रिकेच्या सायमन हार्मरचे सामन्यात ८.

असं का होतं? खेळपट्टी इतकी फुटली की एक चेंडू वळतो आणि तसाच टाकलेला दुसरा सरळ जातो. कोणता काय करेल हे खुद्द गोलंदाजालाही ठाऊक नसतं. अशा वेळी यष्टींच्या रोखाने सातत्याने टाकणारा कुणीही बळी घेतो. चेंडूला उंची देणं, हवेत फसवणं, फलंदाजाला पुढे ओढून चकवणं, हे जे आपल्या फिरकीपटूंनी वर्षं घालवून कमावलंय, त्याला तिथे किंमतच राहत नाही. पहिले दोन दिवस धावा होतील आणि तिसऱ्या दिवसापासून चेंडू वळेल अशा खेळपट्टीवर चांगला फिरकीपटू आणि साधारण फिरकीपटू यांच्यातलं अंतर दिसतं. आपण ते अंतर स्वतःच्या हाताने पुसतो आहोत. शिवाय नाणेफेक हरलो तर चौथ्या डावात त्याच खड्ड्यात आपल्यालाच उतरावं लागतं.

गुवाहाटीची खेळपट्टी तशी नव्हती, हेही मान्य करायला हवं. तिथे दक्षिण आफ्रिकेने ४८९ केल्या, नवव्या क्रमांकावर आलेल्या यान्सनच्या ९३ त्यात आहेत. पुढे त्याच यान्सनने ४८ धावांत ६ बळी घेतले. तिथे आपल्याला सरळ चांगल्या क्रिकेटने हरवलं. पण त्या सामन्यातही नितीशकुमार रेड्डी अष्टपैलू म्हणून घेतला आणि त्याला मोजकीच षटकं दिली. ज्याला गोलंदाजी द्यायचीच नाही त्याच्या जागी पूर्ण फलंदाज घ्या किंवा पूर्ण गोलंदाज घ्या. कसोटी जिंकायला वीस बळी लागतात. आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हवी, या धास्तीतून निवडलेला संघ वीस बळी घेता घेता थकतो.

प्रश्न : ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीला मी होतो. कुलदीपला बसवून वॉशिंग्टनला घेतलं तेव्हा आमचा अख्खा स्टँड वैतागला होता. तुम्हाला काय वाटलं होतं?
(दुचाकी मेकॅनिक, पिंपरी)

उत्तर : मीही तिथेच होतो, छप्पर नसलेल्या स्टँडमध्ये, डोक्यावर उपरणं आणि मांडीवर वही. तुमच्या आजूबाजूचा वैताग माझ्याही आजूबाजूला होता. पण मला तो निर्णय पटला होता, आणि त्याचं कारण पहिला चेंडू पडायच्या आधी स्पष्ट होतं.

न्यूझीलंडकडे लॅथम, कॉन्वे आणि रचिन रवींद्र हे वरच्या फळीतले तीन डावखुरे. त्यातल्या रचिनने बंगळूरुत १३४ केल्या होत्या. त्यांच्यापासून चेंडू बाहेर काढणारा ऑफस्पिनर आपल्याकडे अश्विन एकटा. दुसरा असावा हा विचार चुकीचा कसा म्हणायचा? शिवाय वॉशिंग्टन नुकताच तामिळनाडूकडून रणजीत दिल्लीविरुद्ध १५२ करून आला होता. रणजीत खेळला, धावा केल्या, संघात बोलावलं, अकरात घेतलं. आपण सगळे नेहमी हेच मागतो ना?

पुढचं तुम्ही पाहिलंच. पहिले तीन बळी अश्विनचे. न्यूझीलंड ३ बाद १९७ वर होतं, आणि तिथून पुढचे सातही बळी वॉशिंग्टनचे. २५९ सर्वबाद. वॉशिंग्टन ५९ धावांत ७. दुपारी वैतागलेला तोच स्टँड संध्याकाळी त्याच्या नावाने ओरडत होता, आणि मला त्या आवाजाचा मनापासून आनंद झाला. सामन्यात त्याने ११ बळी घेतले, आणि तरीही आपण ११३ धावांनी हरलो.

हरलो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. विराट कोहली सँटनरच्या खाली राहिलेल्या फुलटॉसवर त्रिफळा. वहीत ती नोंद करताना मी पेन दोनदा उचललं. मग जयस्वाल, पंत, एकामागोमाग एक. १५६ सर्वबाद, त्यात जडेजाच्या ३८ सर्वाधिक. सँटनर गती बदलत होता, कधी सावकाश, कधी जरा जोरात, आणि आपले फलंदाज क्रीजमध्ये अडकून पडले होते, ना धड पुढे ना धड मागे. लॅथमने दुसऱ्या डावात ८६ केल्या त्या स्वीप मारून आणि पाय हलवून. फिरकी खेळणं हा आपला वारसा म्हणतो आपण. तो वारसा त्या सकाळी पाहुण्यांकडे दिसला.

घरच्या मैदानांवर ओळीने १८ मालिका जिंकायचा बारा वर्षांचा सिलसिला त्या कसोटीत संपला, तोही आपल्या डोळ्यांदेखत. म्हणून दोष शोधायची घाई झाली, आणि निवड हातासरशी सापडली. पण त्या सामन्यात निवड बरोबर होती. निकाल वाईट लागला म्हणून तिला वाईट म्हणायचं नाही, आणि चुकीच्या कारणासाठी घेतलेला खेळाडू चालला म्हणून त्या कारणाला बरोबरही म्हणायचं नाही.

निवडीची खरी चूक बघायची तर त्यानंतरची वानखेडेवरची कसोटी बघा. फिरकी उत्तम खेळणारा, मुंबईचा सर्फराज खान पहिल्या डावात थेट आठव्या क्रमांकावर पाठवला. डाव्या-उजव्या जोडीसाठी. त्याआधी पंधरवड्यापूर्वी त्याने बंगळूरुत १५० केल्या होत्या. तो शून्यावर बाद झाला, आणि पुढे तो आकडा त्याच्याच नावावर लागला.

प्रश्न : कुलदीप यादवला कायम का वगळतात? त्याचा गुन्हा काय?
(अकरावीचा विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : गुन्हा एवढाच की तो फक्त गोलंदाज आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये चट्टोग्रामला त्याने बांगलादेशविरुद्ध सामन्यात ८ बळी घेतले, वर ४० धावाही केल्या, सामनावीर ठरला. पुढच्या मीरपूर कसोटीत तो बाहेर. तो सामना आपण ७ बाद ७४ वरून अश्विन आणि श्रेयसने वाचवला म्हणून निभावला. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाच कसोटी झाल्या, कुलदीप एकाही कसोटीत नव्हता. दर वेळी कारण एकच, खालच्या फळीत फलंदाजी हवी.

डावखुरा मनगटी फिरकीपटू जगात किती संघांकडे आहे? सपाट खेळपट्टीवर, चेंडू वळत नसताना, जमलेली भागीदारी मोडायला असाच माणूस लागतो. मार्च २०२४ मध्ये धर्मशालेत इंग्लंडच्या पहिल्या डावात ५ बळी घेऊन त्याने ते दाखवलं. आणि फलंदाजीचंच म्हणाल तर गुवाहाटीत वरची फळी कोसळल्यावर १३४ चेंडू खेळून काढणारा हाच कुलदीप होता. धावा १९, पण तितके चेंडू त्या डावात दुसऱ्या कुणी खेळले नाहीत. तू स्वतः मनगटी फिरकी टाकतोस असं लिहिलं आहेस. टाकत राहा. फलंदाजीही शिक, पण त्यासाठी मनगटाचा सराव कमी करू नकोस.

प्रश्न : २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह नसताना आपण बर्मिंगहॅम आणि ओव्हल जिंकलो. मग त्याच्यावाचून अडतं का?
(किराणा दुकानदार, अकोला)

उत्तर : अडतं. त्या दौऱ्यात त्याने खेळलेल्या तीन कसोटींत १४ बळी घेतले, दोनदा डावात पाच. लीड्सला झेल सुटले नसते तर आकडा वाढला असता. बर्मिंगहॅमला गिलने २६९ आणि १६१ केल्या आणि आकाश दीपने १० बळी घेतले. ओव्हलला सिराज पाचव्या कसोटीच्या शेवटच्या सकाळीही पहिल्या षटकासारखा धावत होता, आणि सहा धावांनी आपण जिंकलो. हे त्या माणसांचं श्रेय आहे. ते मोजायला बुमराहला उणं करायची गरज नाही.

प्रश्न : करुण नायरने रणजीत धावांचा डोंगर रचला, संघात आला आणि एका दौऱ्यात बाहेर गेला. सर्फराजचंही तेच. मग स्थानिक क्रिकेट खेळायचं कशासाठी?
(क्रीडाशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण माझी वही बहुतांश अशाच सामन्यांनी भरली आहे, जिथे प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत.

करुणचं दुःख जुनं आहे. २०१६ साली चेन्नईत नाबाद ३०३, आणि पुढच्याच कसोटीत, हैदराबादला, रहाणे तंदुरुस्त होऊन परतला म्हणून जागा गेली. रहाणेची जागा राखणं तत्त्व म्हणून मला पटतं, दुखापतीने कुणाचं स्थान जाऊ नये. पण त्रिशतक करणाऱ्याला पुढच्या सामन्यात बसवताना संघाने त्याच्याशी काय ठरवलं, त्याला किती सामने मिळतील, हे कुणालाच कळलं नाही. आठ वर्षांनी तो विदर्भाकडून ८६३ धावा करून, रणजी करंडक उंचावून परतला. इंग्लंडमध्ये चार कसोटींत २०५ धावा, एक अर्धशतक. कामगिरी कमी पडली हे खरं. पण तिशी ओलांडलेल्या फलंदाजाला बोलावताना त्याला एकच दौरा देणार असाल तर बोलावूच नका, त्या जागेवर विशीतला मुलगा घेऊन त्याला तीन मालिका द्या.

मुंबईच्या पद्माकर शिवलकरांना प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळाले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ बळी घेतले. कसोटी एकही नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी खेळत होते. अमोल मुझुमदार यांच्या प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा, पदार्पणातच २६०, कसोटी एकही नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक म्हणून ते तिथे होते, आणि मला भरून आलं. या दोघांच्या बाबतीत निवड समितीने अन्याय केला असं मी म्हणणार नाही. बेदींपुढे आणि सचिन-द्रविड-लक्ष्मण यांच्यापुढे जागा होती कुठे? पण आज तसं नाही. आज मधली फळी मोकळी आहे आणि रणजीत धावा करणारे आहेत.

तुम्ही शाळेत मुलांना शिकवता. त्यांना फिरकीवर खेळायला लावा, मॅटवर नको, मातीच्या खेळपट्टीवर, वापरून खराब झालेल्या. आपले वरचे फलंदाज आज वर्षभर प्रवासात असतात, रणजीचे दोन सामने मिळाले तरी पुष्कळ. पाय कसा काढायचा हे सवयीने येतं, आणि ती सवय लागायचं वय तुमच्या वर्गात बसलेलं आहे.

प्रश्न : रोहित आणि विराट यांनी कसोटीत परत यावं का?
(अनेक वाचक)

उत्तर : नाही. मे २०२५ मध्ये दोघांनी आपापल्या मनाने निरोप घेतला. त्याचा मान राखू.

प्रश्न : मी कधी बॅट हातात धरलेली नाही, पण कसोटी पाचही दिवस पाहते. घरात मी निवडीबद्दल बोलले की सगळे म्हणतात, तुला काय कळतं. मत मांडायला खेळलेलं असावं लागतं का?
(शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : ताई, पाचही दिवस पाहणारा माणूस आज दुर्मीळ आहे. तुम्ही जरूर बोला.

फक्त एक करा. नाणेफेकीआधी तुमचा अकरा जणांचा संघ कागदावर लिहा, प्रत्येक नावापुढे त्याचं काम लिहा, आणि तारीख टाका. हा का, तो का नाही, एका ओळीत. खेळपट्टी पाहून किती जलदगती, किती फिरकी, तेही. सामना संपल्यावर तो कागद काढा. आपलं म्हणणं आधीपासूनच होतं की निकाल पाहून सुचलं, ते लगेच कळतं. घरातल्या टीकाकारांनाही त्याच दिवशी कागद द्या. आणि धावफलकात नुसत्या धावा बघू नका. किती चेंडू खेळले, कोणत्या वेळी, चेंडू किती जुना होता, हेही बघा. सत्रागणिक बघितलंत तर कळेल की कित्येकदा २० धावा ७० धावांपेक्षा मोलाच्या असतात.

प्रश्न : दुसऱ्यांच्या संघावर बोलता, तुमचा संघ सांगा. घरच्या पुढच्या कसोटीसाठी.
(ट्रॅक्टर विक्रेता, बारामती)

उत्तर : सांगतो. खेळपट्टी पहिले दोन दिवस फलंदाजीला चांगली आणि सगळे तंदुरुस्त, असं धरून.

जयस्वाल, राहुल, सुदर्शन, गिल, जुरेल, पंत, जडेजा, वॉशिंग्टन, कुलदीप, बुमराह, सिराज.

यात अक्षर पटेल नाही, म्हणून अनेकजण रागावतील. माझा त्याच्यावर राग नाही, घरच्या मैदानावर त्याने सामने जिंकून दिले आहेत. पण जडेजा असताना त्याच धाटणीचा दुसरा डावखुरा फिरकीपटू घेतला की कुलदीप किंवा वॉशिंग्टन बाहेर जातो, आणि मग तिघांपैकी दोघे सारखाच चेंडू टाकतात. जुरेलने अहमदाबादला वेस्ट इंडिजविरुद्ध १२५ केल्या, कोलकात्यात दोन्ही डावांत तो लवकर बाद झाला. तरी पाचवा क्रमांक त्याचाच. सुदर्शन तिसरा, मालिका संपेपर्यंत, मधल्या दोन कसोटींत शून्य आली तरी. वॉशिंग्टन आठवा आणि त्याला डावात किमान पंधरा षटकं. ती द्यायची कर्णधाराची तयारी नसेल तर मी त्याच्या जागी आकाश दीप घेईन आणि तीन जलदगती गोलंदाजांनिशी उतरेन.